धरणारं घरी करा, मोजणारं विकत आणा : रिलोडिंगची घरगुती अवजारं

रिलोडिंग म्हणजे उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी नवा प्रायमर (बुडाला बसणारी, ठिणगी देणारी छोटी टोपी), पावडर आणि बुलेट घालून पुन्हा भरणं. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : टेक्सासमध्ये राहता, ग्रीन कार्ड आहे, नाइन एमएमचं पिस्तूल आणि .३०८ ची रायफल आहे. सिंगल-स्टेज प्रेस (एका वेळी एकच काम करणारं हाताचं दाबयंत्र), डाय (पुंगळी दाबून मापात आणणारे साचे) आणि तराजू घेण्यातच ठरवलेले पैसे संपले. कॅटलॉग उघडला की अजून डझनावारी वस्तू दिसतात. गॅरेजमध्ये ड्रिल प्रेस आहे, तर यातलं काय काय घरी बनवता येईल? आणि पुण्यातला भाचा शूटिंग करतो, त्यालाही यातलं काही शिकवावं का?

कामाकडे वळण्याआधी आपल्या लोकांसाठी एक खुलासा, कारण तुमचा प्रश्न वाचून आणखी चारजण उत्साहात येतील. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि दारूगोळा बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. याच कायद्यात दारूगोळ्यामध्ये रिकामी पुंगळी, प्रायमर, बुलेट आणि पावडर हे सुटे भागही धरलेले आहेत. त्यामुळे 'मी बंदूक कुठे घेतोय, नुसती काडतुसं भरतोय' ही पळवाट नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. स्वतःच्या वापरापुरतं भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. विकायला लागलात की लगेच लागतो. राज्याचे आणि घरमालक संघटनेचे नियम आपापले बघून घ्या.

आता काम. माझा नियम साधा आहे. जी वस्तू पुंगळी धरते, चाळते, धुते, वाळवते किंवा तिला वंगण लावते ती खुशाल घरी करा. जी वस्तू मोजते ती विकत आणा, आणि चांगली आणा. पुंगळ्या उभ्या धरणाऱ्या लाकडी ब्लॉकमधलं भोक मोठं पडलं तर पुंगळी डुगडुगते, म्हणजे चूक जागच्या जागी दिसते. तराजू अर्ध्या ग्रेनने फसला तर टेबलावर काहीच दिसत नाही. दिसतं ते रेंजवर, बार उडाल्यावर. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात, म्हणजे एक ग्रेन साधारण ०.०६५ ग्रॅमचा. नाइन एमएमच्या पुंगळीत पावडर जाते ती बहुधा चार ते सहा ग्रेन. तिथे अर्धा ग्रेन म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपासचा फरक, आणि जोरदार भरण्यांमध्ये तेवढी ढील नसते. घरच्या कारागिरीची हौस म्हणून हा धोका पत्करण्यात शहाणपणा नाही. किती पावडर, कुठली बुलेट, किती लांबी हे फक्त छापील मॅन्युअलमधून किंवा पावडर बनवणाऱ्याच्या तक्त्यातून घ्यायचं. त्याबद्दल मी इथे एक अक्षर लिहिणार नाही.

सुरुवात लोडिंग ब्लॉकपासून करा. सगळ्यात सोपा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही. टू-बाय-सिक्सचा अकरा इंची तुकडा घ्या. नाव टू-बाय-सिक्स असलं तरी प्रत्यक्षात ती फळी दीड इंच जाड आणि साडेपाच इंच रुंद भरते. आडव्या पाच आणि उभ्या दहा रेघा एकेक इंचावर मारा, की पन्नास पुंगळ्यांचा ब्लॉक होतो आणि बोटं घालायलाही जागा राहते. बाजारातल्या ब्लॉकमध्ये भोकं इतकी चिकटून असतात की मधली पुंगळी उचलताना शेजारच्या दोन हलतात. .३०८ चा बूड १२ मिलिमीटरचा, म्हणून भोक अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७ चं पाडायचं. खोली पाऊण इंच पुरे. .३०-०६, .२७०, .२४३ यांचाही बूड तेवढाच असल्याने पुढेमागे रायफल बदलली तरी ब्लॉक तोच चालतो, आणि .४५ एसीपीसुद्धा त्यात बसतं.

नाइन एमएमचा बूड जेमतेम १० मिलिमीटरचा. त्याला १३/३२ इंचाचं, म्हणजे १०.३ मिलिमीटरचं भोक नेमकं बसतं. अडचण अशी की तळ सपाट पाडणारा फॉर्स्टनर बिट या मापात सहसा मिळत नाही आणि साधा ड्रिल बिट तळाशी खळगा ठेवतो. खळग्यात पुंगळी तिरकी बसते. त्यावर उपाय म्हणजे ब्लॉक दोन थरांचा करायचा. अर्ध्या इंचाच्या प्लायला आरपार भोकं पाडायची, खाली रद्दी फळी धरून, म्हणजे मागच्या बाजूला लाकूड फुटत नाही. मग खालून हार्डबोर्डचा पत्रा लाकडाच्या गोंदाने चिकटवून शिकंज्यात रात्रभर ठेवायचा. कुठल्याही बिटने सपाट तळ मिळतो. शेवटी काउंटरसिंक, म्हणजे भोकाची कड तिरकी करणारा बिट, प्रत्येक भोकाच्या तोंडावर अर्धा वळसा फिरवा. पुंगळी न बघता टाकली तरी घसरून आत बसते. पॉलिश पेपर मारा, उलटा धरून ठोका आणि फुंकर मारून भुसा काढा. भोकात राहिलेला भुसा प्रायमरच्या खोबणीत जाऊन बसतो. वॉर्निश लावलं नाही तरी चालतं.

असे ब्लॉक दोन करा, आणि दोन करण्याचं कारण नीट वाचा. नाइन एमएमच्या पुंगळीत झटपट जळणारी पावडर दोनदा पडली तरी ती बाहेर सांडत नाही. आत मावते. .३०८ मध्ये दुसऱ्यांदा ओतलं तर पावडर उतू जाते आणि चूक ओरडून सांगते, पिस्तुलाच्या पुंगळीत मात्र ती गप्प बसते. म्हणून पहिल्या ब्लॉकमध्ये प्रायमर बसवलेल्या पुंगळ्या तोंड खाली करून ठेवायच्या. एक उचलायची, सुलटी करायची, पावडर घालायची आणि दुसऱ्या ब्लॉकमध्ये ठेवायची. उलट्या पुंगळीत आधीची पावडर राहूच शकत नाही, आणि भरलेली पुंगळी पहिल्या ब्लॉकमध्ये कधीच परत जात नाही. पन्नास झाल्या की बुलेट बसवण्याआधी दुसऱ्या ब्लॉकवर बॅटरी धरून प्रत्येक पुंगळीत डोकवायचं. पन्नास तोंडांमध्ये एकीची पातळी वर किंवा खाली असेल तर ती डोळ्यात भरते. इथे लाकडी ब्लॉकचा एक फायदा आहे. पुंगळ्या सरळ उभ्या राहतात, म्हणून पातळी खरी दिसते. मध्येच फोन आला किंवा पोरांनी हाक मारली, तर हातातली पुंगळी रिकामी करून पुन्हा पहिल्या ब्लॉकमध्ये उलटी ठेवा. आठवणीवर विसंबू नका.

डोकवायला उजेड लागतो. प्रेसच्या चौकटीच्या आतल्या बाजूला एलईडीची चिकटपट्टी लावा. यूएसबीवर चालणारी, टीव्हीमागे लावतात तसली. कंपन्या हीच पट्टी 'प्रेस लाइट' म्हणून कितीतरी जास्त किमतीला विकतात. पट्टीची वायर हँडलच्या वाटेत येणार नाही एवढं बघा.

आता साफसफाई. तुमच्याकडे टम्बलर, म्हणजे पुंगळ्या भरडीत घोळवून चमकवणारं यंत्र, नसेल तर आत्ता घेऊ नका. झळाळी ही हौस आहे, गरज नाही. पुंगळीवर वाळू आणि माती नसली की डायला पुरे. पण बहुतेकजण घेतातच, म्हणून सांगतो. अक्रोडाच्या कवचाची भरड रिलोडिंगच्या दुकानातून न आणता पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आणा. पाली-सरड्यांच्या पिंजऱ्यात घालायला तीच विकतात आणि पिशवी मोठी मिळते. मक्याच्या कणसाची भरड मात्र तिथून आणू नका. पिंजऱ्यातली भरड जाडी असते, आणि पुंगळीच्या बुडाला प्रायमरची ठिणगी जाण्यासाठी जे दोन मिलिमीटरचं छिद्र असतं त्यात तिचे दाणे अडकतात. मग एकेक पुंगळी दाभणाने टोकत बसा. सँडब्लास्टिंगवाल्यांकडे २०/४० जाडीची बारीक भरड पोत्याने मिळते, ती घ्या. छिद्रातून ती गळून जाते.

भरडीत कपड्यांच्या ड्रायरमधली वापरलेली सुगंधी शीट कापून चार तुकडे टाका. दर खेपेला काळे झालेले तुकडे काढून नवे घाला, धूळ त्यांना चिकटते. हे स्वस्तातलं काम असलं तरी हलकं समजू नका, कारण त्या धुळीत शिसं असतं. नेहमीच्या प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट असतं आणि त्याची राख पुंगळीच्या आत बसलेली असते. टम्बलर घरात चालवायचा नाही, भरड चाळायची ती अंगणात, तोंडावर चांगला मास्क लावून आणि वारा पाठीवर घेऊन. हात साबणाने धुतल्याशिवाय चहाच्या कपालाही हात लावायचा नाही. या कामातली चाळणी, बादली, परात पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. घरात रांगतं मूल असेल तर टम्बलरचे कपडे वेगळे धुवा.

चाळणी घरीच करा. पाच गॅलनची बादली आणि तिच्या तोंडावर बसणाऱ्या, तांदूळ धुवायला वापरतात तसल्या प्लॅस्टिकच्या दोन जाळीदार चाळण्या. एकीत पुंगळ्या ओता, दुसरी वरून पालथी घाला, कडा एका बाजूला झिपटायने बिजागरीसारख्या बांधा आणि दुसऱ्या बाजूला कपड्यांचे चिमटे लावा. बादलीच्या आत धरून हा डबा उलटापालटा केला की भरड खाली बादलीत आणि पुंगळ्या चाळणीत. विकतचं हँडल फिरवायचं यंत्र हेच करतं, फक्त जास्त जागा खातं.

चमक आणायला काहीजण भरडीत पितळ पॉलिश घालतात. घालायचं तर अमोनिया नसलेलं. साधं कार वॅक्सही चालतं, पण त्याचाही डबा वाचून घ्या. अमोनिया आणि ताण बसलेलं पितळ यांचं वैर जुनं आहे आणि त्याचा पहिला मोठा धडा आपल्याकडेच मिळाला. ब्रिटिश फौजेची हिंदुस्थानातली काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेली असत आणि त्यांच्या पुंगळ्यांना आपोआप चिरा पडत. दमट हवेमुळे होतं एवढंच बरीच वर्षं समजत होतं. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि ओढून घडवलेल्या पितळातला शिल्लक ताण मिळून हा प्रकार होतो, हे १९२१ मध्ये स्पष्ट झालं. तुमच्या पुंगळ्या तर दर खेपेला डायमध्ये दाबल्या जातात, म्हणजे ताण आहेच. अमोनिया तेवढा आपण होऊन घालू नका.

ओल्या धुलाईचा मार्ग मला जास्त पसंत आहे, कारण त्यात धूळ उडत नाही. गरम पाणी, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड. हे ॲसिड इंडियन ग्रोसरीत 'निंबू फूल' म्हणून मिळतं. एका गॅलनला पाव चमचा पुरे. झाकणाच्या बादलीत पुंगळ्या घालून दहा-पंधरा मिनिटं अधूनमधून हलवायच्या, मग दोन-तीन पाण्यांतून काढायच्या. आजीची तांब्या-पितळेची चिंच आठवून चिंच-मीठ लावायचा मोह होईल, पण मीठ नको. मीठ आणि जास्तीचं ॲसिड पितळातलं जस्त खातात. धुतल्यावर पुंगळी गुलाबीसर दिसायला लागली तर ॲसिड जास्त झालं किंवा वेळ जास्त झाला असं समजा. हलकासा गुलाबी डाग वरवरचा असतो, पण सगळी पुंगळीच तांबूस झाली असेल तर ती भंगारात टाका. देवघरातल्या समईला आणि हजारो पौंडांचा दाब झेलणाऱ्या पुंगळीला एकच न्याय लावता येत नाही.

वाळवणं हे ओल्या पद्धतीचं खरं काम. बाहेरून कोरडी दिसणारी पुंगळी प्रायमरच्या खोबणीत आणि बुडाच्या आत पाणी धरून ठेवते. जुन्या टॉवेलच्या दोन टोकांना धरून झोळीसारखं हलवा, निम्मं पाणी तिथेच जातं. नंतर खिळ्यांची फळी करा. फळीवर दीड इंचावर पातळ खिळे ठोकायचे आणि प्रत्येक खिळ्यावर एक पुंगळी तोंड खाली करून, म्हणजे पाणी निथळतं. टेक्सासचं ऊन असेल तर एक दुपार पुष्कळ झाली. थंडीत जुन्या सामानाच्या दुकानातून फळं वाळवायचं डिहायड्रेटर आणा आणि त्यावर मार्करने ठळक 'फक्त पितळ' लिहून ठेवा. घरातल्या ओव्हनमध्ये वाळवू नका. एकतर शिशाचा प्रश्न, दुसरं म्हणजे चुकून तापमान जास्त ठेवलं तर पुंगळीचं बूड मऊ पडतं. दाब बुडावरच येतो, ते कडकच हवं.

आता वंगण. नाइन एमएमला तुमचे डाय कार्बाइडचे, म्हणजे फार कडक आणि गुळगुळीत अस्तराचे, असतील तर वंगणाची गरज नाही. .३०८ ला हवंच. थोडंच भरणार असाल तर विकतची मेणाची डबी घ्या. बोटावर किंचित घेऊन लावायचं, छोटी डबी वर्षानुवर्षं पुरते, आणि घरी काही बनवण्यात अर्थ नाही. शेकड्याने भरायचं असेल तर मात्र लॅनोलिन आणि अल्कोहोल. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण. औषधाच्या दुकानात स्तनपान करणाऱ्या आयांच्या विभागात शुद्ध लॅनोलिनची ट्यूब मिळते, पण ऑनलाइन बाटली घेतली तर स्वस्त पडते. अल्कोहोल म्हणजे ९९ टक्के आयसोप्रोपिल. ७० टक्केवालं नको, त्यातल्या पाण्यामुळे मिश्रण फाटतं. गाड्यांच्या टाकीत घालायच्या 'हीट'ची लाल बाटलीही चालते. पिवळी नको, त्यात मिथेनॉल असतं आणि ते विषारी आहे. एक भाग लॅनोलिनला दहा ते बारा भाग अल्कोहोल घ्या. लॅनोलिनची बाटली नळाच्या गरम पाण्यात उभी करून पातळ करा आणि अल्कोहोलमध्ये ओतून हलवा. शेगडीवर, मायक्रोवेव्हमध्ये किंवा पायलट ज्योत असलेल्या वॉटर हीटरजवळ हे काम नको. अल्कोहोलची वाफ ज्योत शोधत जाते.

फवारणीची पद्धत महत्त्वाची आहे. झिपच्या मोठ्या पिशवीत पन्नासेक पुंगळ्या, आत चार-पाच फवारे, पिशवी बंद करून घोळवा, मग परातीत पसरा. इथे घाई होते आणि बिघडतं. अल्कोहोल उडून जाईपर्यंत किमान दहा मिनिटं थांबा. वंगण ते नव्हे, ते फक्त वाहून आणतं. पुंगळी दोन बोटांत फिरवून बघा. ओली वाटली तर अजून थांबायचं. ओली नाही पण किंचित चिकटसर घसरते, बोटाचा ठसा उमटतो असं वाटलं की तयार. एखादा फवारा पुंगळ्यांच्या तोंडाकडे तिरपा गेला तर मानेच्या आतही थोडं लागतं आणि डायमधून काढताना कुरकुर होत नाही. जास्त लावू नका. पुंगळीच्या खांद्यापाशी, म्हणजे मानेखाली ती निमुळती होते तिथे, साचलेलं वंगण दाबलं जात नाही आणि पितळाला खळगा पाडतं. पुंगळी डायमध्ये दाबून मापात आणून (साइझ करून) झाली की वंगण पुसायलाच हवं, नुसत्या अल्कोहोलच्या फडक्याने किंवा भरडीत थोडा वेळ फिरवून. वंगण लागलेली पुंगळी बार उडताना चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेच्या, भिंतीला धरत नाही आणि तिचा सगळा धक्का बोल्टवर, म्हणजे मागून ती जागा बंद करणाऱ्या रायफलच्या खिटीवर येतो.

इतकं करूनही कधीतरी पुंगळी डायमध्ये अडकते. प्रेसचं हँडल ओढलं की बुडाची कड फाटते, पुंगळी आतच राहते, आणि माणूस हातोडी शोधायला उठतो. हातोडी ठेवून द्या. यासाठीचा विकतचा किट म्हणजे एक ड्रिल बिट, एक टॅप (भोकात आटे पाडणारं हत्यार), एक बोल्ट आणि एक पोकळ टोपी. टोपीच्या जागी सॉकेट सेटमधला एक मोठा सॉकेट चालतो. डाय प्रेसमधून काढा, मधला डिकॅपिंग रॉड, म्हणजे जुना प्रायमर ढकलून काढणारी सळई, वरून जेवढा सोडवता येईल तेवढा वर घ्या, नाहीतर ड्रिल त्याच्यावर जाईल. प्रायमर निघाला आहे याची खात्री करा. जिवंत प्रायमर असलेल्या पुंगळीवर ड्रिल कधीच लावायचा नाही. मग बुडाच्या छिद्रातून सात नंबरच्या बिटने भोक मोठं करा आणि १/४-२० चा टॅप तेल लावून फिरवा. अर्धा वळसा पुढे, पाव मागे. डायच्या तोंडावर सॉकेट उभा करा, त्यावर जाड वॉशर, त्यातून बोल्ट, आणि पान्याने आवळत जा. बोल्ट पुंगळीला हळूहळू सॉकेटच्या पोकळीत ओढून घेतो. शेवटी टक्‌ असा आवाज येतो आणि ती सुटते. डायला ओरखडा नाही. रॉड पूर्ण वर आला नसेल आणि त्यावरचा, पुंगळीची मान आतून मापात आणणारा बटन अडकला असेल तर तो बळीचा बकरा, नवा थोडक्यात मिळतो.

तराजूकडे येऊ. तो विकतच घ्यायचा म्हटलं, तुम्ही घेतलाय, पण त्याच्या भोवतीचं सगळं घरी करता येतं. एसीचा झोत एकदशांश ग्रेनचा आकडा सहज हलवतो. बेकरीतल्या केकचं पारदर्शक प्लॅस्टिकचं झाकण समोरून कापून तराजूवर ठेवा. खाली उरलेली ग्रॅनाइटची किंवा सिरॅमिकची फरशी ठेवा, तिच्या चार कोपऱ्यांना रबरी पाय लावा आणि पातळी तपासून घ्या. मोबाइल तराजूजवळ ठेवू नका.

तपासणीची वजनं नाण्यांची करा असा सल्ला सगळीकडे मिळतो. निकेल ५ ग्रॅमचं, म्हणजे ७७.१६ ग्रेन. डाइम ३५ ग्रेन. क्वार्टर साडेसत्याऐंशी. आकडे बरोबर आहेत, वापर चुकीचा सांगतात. टांकसाळीला निकेलच्या वजनात मिळणारी सूटच जवळजवळ तीन ग्रेनची आहे, शिवाय नाणं झिजतं, त्यावर मळ बसतो. नाण्यावरून तराजू खरा की खोटा हे ठरत नाही. नाणं दुसऱ्या कामाला येतं. प्रमाणित वजनांचा छोटा संच विकत घ्या, त्याने तराजू जुळवा, मग लगेच एक स्वच्छ नाणं तोला आणि जो आकडा येईल तो त्याच्या डबीवर लिहून ठेवा. पुढे काम करताना दर दहा-पंधरा पुंगळ्यांनी तेच नाणं ठेवून बघा. आकडा सरकला असेल तर थांबा, पुन्हा जुळवा, आणि मागच्या नाण्यापासून भरलेल्या सगळ्या पुंगळ्या रिकाम्या करा. पावडर थेंबाथेंबाने सोडायचा ट्रिकलरही विकत घ्यायची गरज नाही. रिकामी .३०८ ची पुंगळी पावडरने अर्धी भरून आडवी धरा आणि दोन बोटांत फिरवा, दाणा दाणा पडतो. मोजणारा तराजू आहे, पुंगळी फक्त सोडतेय.

जुनी पुंगळी कापून तिला तारेचा दांडा लावून मापाचा चमचा करतात, तो मात्र करू नका. कापलेल्या पुंगळीत किती पावडर मावते हे ओतण्याच्या वेगावर, ठोकण्यावर, हवेतल्या दमटपणावर बदलतं. पावडरचा डबा बदलला की हिशेब पुन्हा पहिल्यापासून. प्रायमर ठेवायचं किंवा बसवायचंही काही घरी करू नका. ते कारखान्याच्या खोक्यातच राहू देत, त्यातले खण उगाच केलेले नाहीत. बाटलीत किंवा बरणीत सुटे प्रायमर म्हणजे एक फुटला की सगळे फुटतात. फनेल तीन-चार डॉलरला मिळतं. घ्या, साबणाच्या पाण्यात बुडवून न पुसता वाळवा, म्हणजे पावडर भिंतीला चिकटत नाही.

सुताराचं शेवटचं काम म्हणजे पावडरची पेटी. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या नियमांप्रमाणे घरात वीस पौंडांपर्यंत धूररहित पावडर मूळ डब्यांमध्ये ठेवता येते. त्यावर पन्नास पौंडांपर्यंत ती किमान एक इंच जाड लाकडाच्या पेटीत ठेवावी लागते. तुम्ही वीस पौंडांच्या जवळपासही जाणार नाही, तरी पेटी करा. एक इंच प्लाय, सैल झाकण, आणि मुद्दाम एक बाजू कमी स्क्रूची. लोखंडी तिजोरीत किंवा जुन्या ॲम्युनिशन बॉक्समध्ये पावडर कोंडू नका. मोकळ्यावर ही पावडर भडकून जळते, कोंडली तर फुटते. पेटीची कमकुवत बाजू आधी उघडावी म्हणून स्क्रू कमी. पेटी वॉटर हीटरपासून आणि दारापासून लांब, कुलपात. प्रायमर तिच्यात नाहीत, वेगळ्या खोलीत. टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा. पावडर ओतायच्या मापकात उरलेली पावडर त्याच संध्याकाळी मूळ डब्यात परत घाला. उद्या तो कुठला डबा होता हे कुणालाही छातीठोक सांगता येत नाही.

आता भाचा. त्याला यातलं काहीही शिकवू नका. भारतात शस्त्र कायदा, १९५९ च्या पाचव्या कलमाप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि घरी काडतूस भरणं त्यात येतं. खेळाडूंना काडतुसं मिळवायचे मार्ग संघटनेतर्फे आणि परवान्यातून आहेत, तो त्या वाटेनेच जाऊ दे. तसंही नेमबाजीतल्या .२२ च्या काडतुसात प्रायमरचा मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असतो, एकदा उडाली की ती पुन्हा भरायची सोयच नसते. आणि तुमच्या भाच्याच्या वयाची बहुतेक पोरं दहा मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूल खेळतात. त्यात पुंगळी नाही, पावडर नाही, ४.५ मिलिमीटरचे पेलेट असतात, आणि ते हातात सारखे घोळवले की त्यांच्या पातळ शेपटीच्या कडा दबतात. मॅच साठ शॉट्सची असते. ड्रिल प्रेस मोकळाच आहे, तर त्याच्यासाठी सहा बाय दहाचा छोटा ब्लॉक करा. भोकं सहा मिलिमीटरची आणि तीन-चार मिलिमीटर खोल, म्हणजे पेलेट डोकं खाली करून बसतो आणि शेपूट वर राहते. तळाला जुन्या जीन्सचा तुकडा चिकटवा, टेबलावर सरकत नाही. पुढच्या वेळी पुण्याला जाताना बॅगेत टाकून न्या, विमानतळावर कोणी अडवणार नाही.